पबजीवर खापर फोडून आपण कोणाला वाचवतोय?

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात तरावीहनंतर एक बैठक झाली. विषय होता, मोबाईल गेम आणि आपली तरुण पिढी. चार वक्ते बोलले. चौघांचं म्हणणं एकच: पोरं रात्रभर पबजीत माणसं मारतात, उद्या खरोखरची मारतील. एकाने लखनौचं उदाहरण दिलं. जून २०२२ मध्ये तिथल्या सोळा वर्षांच्या मुलाने गोळी घालून आईचा जीव घेतला होता आणि आई गेम खेळू देत नव्हती म्हणून, असं पोलिसांनी सांगितलं होतं. सभेत शांतता पसरली. शेवटी ठरलं, पोरांचे मोबाईल काढून घ्या. दुआ झाली, चहा झाला, लोक घरी गेले.

मागच्या रांगेत वीस-पंचवीस पोरं बसली होती. त्यांना कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

घरी येताना माझा पंधरा वर्षांचा भाचा म्हणाला, "मामू, मग मी खुनी होणार का?" मी हसलो आणि म्हटलं, चल, दाखव तुझा गेम. तासभर त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर त्याचं नाव होतं 'आर्यन'. मी विचारलं, हे काय? तो सहज म्हणाला, "खरं नाव ठेवलं की माईकवर लगेच शिव्या सुरू होतात. मुल्ला म्हणतात, पाकिस्तानी म्हणतात. मग टीममधून काढतात. हे नाव ठेवल्यापासून काही त्रास नाही."

त्या रात्री चार वक्त्यांपैकी एकालाही ही गोष्ट माहीत नव्हती. मलाही नव्हती. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. गेममुळे पोरं खुनी होतात हा आरोप पुराव्यावर टिकत नाही. तो आरोप करत बसल्यामुळे गेम आपल्या पोरांचं खरोखर जे नुकसान करतात, ते आपल्याला दिसत नाही.

पुरावा काय सांगतो?

गेम आणि हिंसा यांचा वाद पबजीपेक्षा जुना आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाईन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, तेव्हा ते 'डूम' खेळायचे म्हणून त्या गेमला दोषी ठरवलं गेलं. तेव्हापासून संशोधन सुरूच आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१५ मध्ये म्हटलं की हिंसक गेम आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध दिसतो. पण याच संघटनेने २०२० मध्ये आपल्या ठरावात स्पष्ट खुलासा केला: हा संबंध लहान आहे, तो ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्यापुरता आहे आणि गेममुळे खरी हिंसा घडते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांना आणि त्यांच्या पालकांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारले. हिंसक गेम खेळण्याचा आणि आक्रमक वागण्याचा संबंध सापडला नाही. कॅलिफोर्नियाने अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घातली होती. ती २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. सादर केलेल्या अभ्यासांतून गेममुळे हिंसा घडते हे सिद्ध होत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

आकडे बाजूला ठेवा आणि साधा विचार करा. जपान आणि दक्षिण कोरियात गेम घराघरात खेळले जातात. तिथे खुनांचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांइतकं आहे. लखनौच्या घटनेतही एक प्रश्न कोणी विचारला नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या लाखो मुलांना रोज आई-बाप मोबाईलवरून रागावतात. या एका घरात मुलाच्या हाताला पिस्तूल लागलं. ते गेममधून आलेलं नव्हतं, घरातलंच होतं.

हा तर्क आपण तरी वापरू नये

आता मला माझ्याच लोकांशी थोडं कडक बोलायचं आहे.

कोट्यवधी मुलं एक गेम खेळतात. त्यातलं एक खून करतं. आपण म्हणतो, गेममुळे झालं. हा तर्क ओळखीचा वाटत नाही का? कोट्यवधी लोक एक किताब वाचतात, त्यातला एक बॉम्ब फोडतो आणि टीव्हीवरचा अँकर म्हणतो, किताबमुळे झालं. एक पोरगा मदरशात शिकलेला असतो, तर सगळे मदरसे संशयित ठरतात. आपण वीस-पंचवीस वर्षं ओरडून सांगतोय की असा हिशोब चुकीचा आहे, अपवादावरून सगळ्यांना मोजू नका. आणि आपल्या घरात आपण तोच हिशोब आपल्या पोरांवर लावतो!

याचा परिणाम कागदावर राहत नाही. मार्च २०१९ मध्ये गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदीचा आदेश काढला आणि गेम खेळणाऱ्या तरुणांना पकडलं. पकडलेल्यांत कॉलेजचे विद्यार्थी होते. गुन्हा काय? मोबाईलवर खेळत होते. बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांनी शांतपणे विचार करावा. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोराचा मोबाईल हिसकावून तपासायचा अधिकार उद्या पोलिसांना मिळाला, तर पहिला मोबाईल कोणत्या मोहल्ल्यात तपासला जाईल?

आणि बंदीने होतं काय? सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲप बंद केली. कारण हिंसा नव्हतं, चीनशी तणाव आणि डेटाची सुरक्षा हे होतं. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या काळात पोरं दुसऱ्या गेमवर गेली. आपल्या राज्यातही मागणी झाली होती. २०१९ मध्ये मुंबईतल्या अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात पबजीबंदीसाठी याचिका केली. त्या मुलाची कळकळ खरी होती. पण गेमचं नाव बदललं की बंदी संपते, हे आपण डोळ्यांनी पाहिलं.

मग गेम निर्दोष आहेत का? नाहीत.

शत्रूचा चेहरा

गेम बंदूक चालवायला शिकवत नाही, पण बंदूक कोणावर रोखायची ते दाखवतो. आणि तो चेहरा वर्षानुवर्षं एकाच प्रकारचा आहे.

'कॉल ऑफ ड्यूटी' ही जगातल्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या गेममालिकांपैकी एक. २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये कराची शहर होतं. त्या कराचीतल्या पाट्या अरबीत होत्या! कराचीत उर्दू चालते हे शोधायला पाच मिनिटं लागली असती. पण बनवणाऱ्यांसाठी मुसलमान म्हणजे एकच ढीग. कुठलाही देश, कुठलीही भाषा चालते. २०१९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये 'हायवे ऑफ डेथ' नावाचा रस्ता आहे आणि तिथला हल्ला रशियाने केल्याचं दाखवलं आहे. खऱ्या जगात हे नाव १९९१ च्या आखाती युद्धातल्या, कुवेतहून इराककडे जाणाऱ्या रस्त्याचं आहे आणि तिथला बॉम्बहल्ला अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी केला होता. इतिहासाचं पुस्तक न उघडणारा पोरगा हा इतिहास गेममधून शिकतो. अमेरिकेच्या लष्कराने तर २००२ मध्ये स्वतःच 'अमेरिकाज आर्मी' हा गेम काढला होता, तोही फुकट. हेतू लपवलेला नव्हता: तरुणांना भरतीकडे ओढणं.

२०२१ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड'मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली. जगभरातल्या मुसलमानांनी आवाज उठवला, कंपनीने माफी मागितली आणि ती पानं काढली. चांगलं झालं. पण मला एक विचारायचं आहे. पानांसाठी आपण बोललो, माणसांसाठी कधी बोललो? आपल्यासारखी नावं, आपल्यासारखे चेहरे, आपल्यासारखी अजान ऐकू येणारी गल्ली आणि तिथे फक्त मारायचा शत्रू. हे चित्र आपली पोरंही पाहतात, स्वतः ट्रिगर दाबतात आणि आपला वर्गमित्रही तेच पाहतो.

माईकवरचा द्वेष

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ जण शहीद झाले. हल्लेखोराने डोक्यावर कॅमेरा लावून त्याचं थेट प्रक्षेपण केलं. ते दृश्य शूटर गेमसारखं दिसत होतं, म्हणून पुन्हा गेमवर बोट गेलं. पण न्यूझीलंडच्या रॉयल कमिशनने सखोल चौकशी केली, तेव्हा समोर आलेलं चित्र वेगळं होतं. लहानपणापासून कोणाची देखरेख नसलेलं इंटरनेट, यूट्यूबवरून मिळालेला मालमसाला, आणि ऑनलाइन गेम खेळताना इतर खेळाडूंशी गप्पा मारत उघडपणे मांडलेली वंशवादी मतं. म्हणजे धोका पडद्यावरच्या गोळीत कमी आणि माईकवरच्या गप्पांत जास्त होता. तिथे तो बोलत होता आणि त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

आता माझ्या भाच्याकडे परत या. 'मुल्ला' म्हणणारा तो आवाज कोणाचा आहे? बहुतेक तोही पंधरा वर्षांचाच असेल. तो द्वेष त्याला गेमने दिला नाही, घरातून, टीव्हीवरून, व्हॉट्सॲपवरून आला. गेमने फक्त बिनदिक्कत बोलायला जागा दिली. आणि आमचा पोरगा काय शिकला? शांत राहायचं असेल तर नाव लपवायचं. पंधराव्या वर्षी! मला विचाराल तर गेमने केलेली सगळ्यात मोठी हिंसा ही आहे, आणि तिच्यात रक्ताचा थेंबही दिसत नाही.

झोप, पैसा आणि मैदान

दुसरं नुकसान साधं आहे, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. मार्च २०१९ मध्ये आपल्या हिंगोलीत रेल्वे रुळांजवळ पबजी खेळत बसलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. त्यांना कोणी मारलं नाही आणि त्यांनीही कोणाला मारलं नाही. त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यासोबत जीव गेला. गेम कंपनीचा धंदा याच लक्षावर चालतो. गेम फुकट असतो. मग कपडे, बंदुकीचे रंग, पेट्या विकल्या जातात, आणि दोस्तांकडे आहे म्हणून आपल्यालाही हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिलं, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. सगळे खेळणारे आजारी नसतात. खेळावरचा ताबा सुटला, बाकीचं आयुष्य मागे पडलं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललं, तर तो आजार. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी खास क्लिनिक आहे. आपल्याकडे मात्र अशा पोराला आधी चापट मिळते, मग ताबीज.

आणि पोरं मोबाईलमध्ये का शिरतात, हेही विचारा. मुंब्रा, गोवंडी, भिवंडी, मालेगाव: दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, गल्लीत खेळायला जागा नाही, वाचनालय असलं तर बंद. मैदान मागायला नगरसेवकाकडे किती जण गेलो? पोरींचा तर प्रश्नच वेगळा. त्यांना ना मैदान, ना मोबाईल. त्यांच्यावर बैठकसुद्धा होत नाही.

मग करायचं काय?

वडीलधाऱ्यांना एवढंच सांगतो: मोबाईल हिसकावण्याआधी एक तास शेजारी बसा. तो कोणाशी बोलतो, कोणत्या नावाने खेळतो, किती पैसे गेले, हे विचारा. बीजीएमआयमध्ये अल्पवयीन मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे; तुमच्या घरातल्या पोराने वय खरं टाकलंय का, ते बघा. रात्री मोबाईल उशाशी नको, हा नियम आधी स्वतःला लावा. आणि पुढची बैठक घ्याल तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांना पुढे बसवा.

तरुण दोस्तांनो, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. खेळा, पण शिवी ऐकून गप्प बसू नका. म्यूट करा, रिपोर्ट करा, स्क्रीनशॉट ठेवा. आणि दुसऱ्या कोणाला त्याच्या जातीवरून, धर्मावरून, बाईमाणूस म्हणून कोणी हिणवत असेल, तर तिथेही बोला, कारण आपल्यातलीही काही पोरं माईकवर जे बोलतात ते ऐकवत नाही. तुमच्यापैकी कोणाला प्रोग्रामिंग येत असेल, तर असा गेम बनवा ज्यात आपली गल्ली फक्त गोळ्या झाडायची जागा नसेल.

आणि जमलं तर एक करा. आज रात्री गेम उघडाल, तेव्हा स्वतःचं खरं नाव टाका. त्रास होईल. पण तो त्रास कोण देतंय, हे तरी सगळ्यांना कळेल.