पद्मिनीचा परकायाप्रवेश

बोरिवली पश्चिमेच्या एका जुन्या सोसायटीच्या आवारात, आंब्याच्या झाडाखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली १९९२ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. गाडी आमच्यापैकी एकीच्या मामांची. सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे आणि आवार मोकळे करण्याविषयीची सूचना फलकावर लागली आहे. गाडीचे इंजिन दोनदा उघडून झाले. सुट्या भागांसाठी मामा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे खेटे घालून थकले. अशात कुणीतरी त्यांना सुचवले, की इंजिन काढून टाका, विजेची मोटर आणि बॅटरी बसवा, गाडी पुन्हा धावेल. मामांनी हा प्रश्न आमच्यापुढे टाकला. "हिला चालवायची की हिची पूजा करायची, ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी सांगा," असे ते म्हणाले. आम्ही मराठी साहित्य शिकवतो. मोटारीतले आम्हांस काय कळणार, असे म्हणून हा प्रश्न टाळता आला असता. परंतु विचार करू लागल्यावर जाणवले, की मूळ संहिता आणि तिच्यातील फेरफार यांविषयी वर्गात आम्ही वर्षानुवर्षे जे बोलत आलो, त्याचीच ही परीक्षा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. अशा बदलास बहुतेक जण 'रूपांतर' म्हणतात. आम्हांस हा शब्द येथे अयोग्य वाटतो. मराठी नाट्यपरंपरेत रूपांतर म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा नावे बदलली, वेष बदलला, स्थळ बदलले. मात्र संशयाने पोखरलेल्या मनाचे जे यंत्र त्या नाटकाला पुढे रेटते, ते कायम राहिले. म्हणजे रूप पालटले आणि इंजिन तेच राहिले. मोटारीच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. पत्रा तोच, दिवे तेच, दारांच्या मुठी त्याच. आतले चालकतत्त्व तेवढे निराळे. यासाठी आपल्या परंपरेत अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे परकायाप्रवेश. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त चांगदेव राऊळ आपला देह सोडून मृत हरिपाळदेवाच्या देहात प्रवेश करतात आणि त्यातून पुढे चक्रधर घडतात. देह गुजरातच्या प्रधानपुत्राचा, वस्ती दुसऱ्याची. या कथेत आम्हांस नेहमी जाणवत आलेली गोष्ट अशी, की हरिपाळदेवाच्या देहाला 'मूळ' चैतन्य परत मिळाले नाही म्हणून परंपरेने कोठेही खंत केलेली नाही. प्रवेशानंतर त्या देहाने काय केले, यावरच सारे लक्ष आहे.

मोटारींच्या जगात मात्र ही खंत मोठी आहे आणि तिला कायद्याचे बळही आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि लक्षणीय फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' ठरते. त्याला 'व्हीए' ही अक्षरे असलेली स्वतंत्र नोंदणी मिळते. असे वाहन प्रदर्शनात, मिरवणुकीत नेता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिनेही २०१९ साली असेच मत दिले होते, की विजेवर चालवण्यासाठी बदललेली मोटार ऐतिहासिक मोटार या व्याख्येत बसत नाही आणि कुणास बदल करायचेच असतील तर ते उलटवता येण्याजोगे असावेत. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटिश राजपुत्र हॅरी विजेवर चालणाऱ्या जुन्या जॅग्वार ई-टाइपमध्ये बसून आपल्या लग्नाच्या स्वागतसमारंभाला गेला होता, आणि त्या छायाचित्राने अनेक शौकिनांच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या.

मामांच्या पद्मिनीला व्हिंटेज होण्यासाठी २०४२ सालापर्यंत थांबावे लागेल. मामांनी सत्तरी ओलांडली आहे.

शौकिनांचा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. इंजिन हा मोटारीचा केवळ एक भाग नसतो. तिचा आवाज, तिची थरथर, सकाळी चोक ओढून करावी लागणारी मनधरणी, हे सर्व तिच्या 'वाचना'चाच भाग असते. हे गेले म्हणजे उरतो तो केवळ आकार, असे ते म्हणतात. छंदोबद्ध कवितेचे गद्य केल्यावर जे हातून निसटते, तेच येथेही निसटते. हे आम्हांस मान्य आहे. (थीसियसच्या जहाजाचा दाखला येथे कुणी देऊ नये; तो वर्गात देऊन देऊन आम्ही कंटाळलो आहोत.) आमचा मतभेद आहे तो 'मूळ' या शब्दाविषयी.

पद्मिनीचे मूळ शोधू गेल्यास काय हाती लागते? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून जी गाडी बाहेर पडू लागली, ती इटलीच्या फियाट ११०० या गाडीची येथील आवृत्ती होती. पुढे तीच 'डिलाइट' झाली, मग 'प्रेसिडेंट' झाली आणि सत्तरच्या दशकात चितोडच्या राणीचे नाव धारण करून 'पद्मिनी' झाली. नावे बदलूनही मुंबईकर तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिला, हा पाठभेदांचा आणखी एक नमुना. म्हणजे जिला आपण मूळ संहिता म्हणतो, तीच मुळात एका परकीय ग्रंथाची, अनेक हातांनी फिरलेली प्रत आहे.

तिची टॅक्सी झाली तेव्हा तर हे हात मोजता येणे अशक्य झाले. उपनगरांत वाढलेल्या आमच्यासारख्यांसाठी काळीपिवळी टॅक्सी ही रोजची गोष्ट नव्हती. आमच्याकडे रिक्षा. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे रिक्षाला मज्जाव, म्हणून मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला टॅक्सी आठवते ती गावी निघताना टपावर बांधलेल्या वळकटीसह, नाहीतर रात्री रुग्णालयात धाव घेताना. त्या टॅक्सीचे छत आतून फुलाफुलांच्या रेक्झिनने मढवलेले असे, आरशाला देव लटकत, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीला रंगीत मूठ असे. आणि या शतकाच्या आरंभी, मुंबईच्या हवेविषयीच्या याचिकेत उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर, याच टॅक्सींच्या डिकीत सीएनजीच्या टाक्या बसल्या. सामानाची जागा गेली. गाडी ओढीनाशी झाली, अशी चालकांची तक्रार असे. परंतु त्यामुळे ती पद्मिनी राहिली नाही, असे तेव्हा कुणी म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. इंधन बदलले, टॅक्सी तीच राहिली. हे शक्य झाले, कारण तिच्याकडे कुणी वारसा म्हणून पाहत नव्हते. ती कामाची वस्तू होती.

आणि तरीही ती गेली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवलेले, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. निदान एक गाडी तरी जतन करा, असा अर्ज टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केला होता. त्याला यश आले नव्हते. वृत्तपत्रांनी हळवे लेख लिहिले. आम्हांस त्या लेखांत एका वाक्याची उणीव भासली. या गाडीत पेट्रोलच्या जागी वायू बसवण्याचा निर्णय ज्या शहराने एकदा घेऊन दाखवला होता, त्या शहराने तिच्यात वीज बसवण्याचा विचारच का केला नाही? सर्वच टॅक्सींत नव्हे; गंजलेला सांगाडा आणि जुने ब्रेक यांवर जड बॅटरी लादणे धोक्याचे, हे आम्हीही जाणतो. पण शे-दोनशे सुस्थितीतल्या गाड्या निवडून, तपासून, मीटर लावून चालवता आल्या असत्या. अर्जात मागितलेली एक गाडी काचेत ठेवण्याऐवजी काही गाड्या भाड्याने फिरल्या असत्या. आमच्या मते टॅक्सीचे खरे जतन तेच.

बेस्टने दुसरी वाट धरली. त्याच वर्षी, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणारी जुनी डिझेल दुमजली बस शेवटची धावली. त्याआधीच फेब्रुवारीत विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस आल्या होत्या. 'दुमजली' ही कल्पना ठेवली, देह मात्र पूर्ण नवा घेतला. या नव्या बसची दारे बंद असतात. मागच्या उघड्या पायरीवर लोंबकळत उतरण्याची सोय तिच्यात नाही, आणि ते बरेच आहे. ही बस वाईट नाही. पण तिला जुन्या बसचा वारसा म्हणणे म्हणजे जुन्या कादंबरीचे नाव नव्या कादंबरीला देणे होय. उलट १९०७ साली याच शहरात घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घेतली तेव्हा घोडे गेले आणि ट्राम ही संस्था टिकली, ती थेट १९६४ पर्यंत.

विजेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. उपनगरांत जी वीज येते तिच्यात डहाणूच्या औष्णिक केंद्राचा वाटा आहे. तेथे कोळसा जळतो. बोरिवलीत धूर निघणार नाही याचा अर्थ तो कोठेच निघणार नाही असा नव्हे. पण मूळ पाठाचा कैवार घेणाऱ्यांनीही एक गोष्ट पाहावी. ज्या पेट्रोलसाठी १९९२ ची पद्मिनी घडवली गेली ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत हद्दपार झाले. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते सोसेल की नाही याची धास्ती त्यांच्या मालकांना आहे. इंजिन मूळचे राखले तरी त्याच्या पोटात जाणारे अन्न केव्हाच बदलले आहे.

येथे आम्हांस एकनाथांचे स्मरण होते. त्यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. फेरफार करणाराच पुढील फेरफारांस बंदी करतो, यात विसंगती आहे खरी. पण त्यांच्या त्या कामामुळेच ग्रंथ पठणात राहिला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी एकनाथपूर्व पाठ म्हणून वेगळी प्रत प्रसिद्ध केली आणि अभ्यासकांचे वाद सुरू झाले. हे वाद होऊ शकले ते कुणीतरी जुनी पोथी बासनात जपून ठेवली होती म्हणून. पठणाची प्रत आणि बासनातली प्रत, दोन्ही हव्यात.

मामांना आम्ही हेच सांगितले. बदल करावा, मान्यताप्राप्त संच बसवावा, परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करावी. मात्र पत्रा कापू देऊ नये, नव्या बैठकी जुन्या छिद्रांवरच बसवाव्यात, आणि काढलेले इंजिन भंगारात देऊ नये. तेलाचा हात फिरवून, खोक्यात घालून, वर तारीख लिहून ठेवावे. उद्या कुणा नातवाला मूळ पाठ हवासा वाटला तर तो परत बसवता आला पाहिजे.

मामांनी सर्व ऐकून घेतले आणि खोके ठेवायचे कोठे, असे विचारले. नव्या इमारतीत त्यांना माळा मिळणार नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागे एक कोंदट खोली आहे, तेथे जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे पडून असतात. त्या खोलीविषयी आम्ही ग्रंथपालांशी अजून बोललेलो नाही.