पाखरू कोणते, ते आधी ओळखा

वैशाख तोंडावर आला, शाळांना सुट्या लागल्या. नंदुरबार जिल्ह्यातली राने आता करपून गेली आहेत. तरीही गावच्या हापशावर जाऊन पाहा. सांडपाण्याने ओल्या झालेल्या मातीवर पिवळी-पांढरी फुलपाखरे घोळक्याने बसलेली दिसतील. ती मातीतले क्षार शोषायला येतात आणि त्यांत बहुतेक नरच असतात. यांतल्या काहींच्या हिरव्या अळ्या बहाव्याच्या कोवळ्या पानांवर सापडतात.

वाचक बंधू-भगिनींनो, सुटीत मुलांना हे पाहण्याचे काम लावा. याला पैसा लागत नाही. फुलपाखरू की पतंग, हे ओळखायला आधी मिशा पाहाव्यात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगकाडीच्या गुलासारखी गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. फुलपाखरू बहुधा पंख पाठीवर मिटून बसते, पतंग ते छपरासारखे पसरतो. दिवसा फुलपाखरू आणि रात्री पतंग असे लोक म्हणतात, पण दिवसा उडणारे पतंगही आहेत. अंधाऱ्या रात्री अंगणात जुने पांढरे लुगडे टांगून त्यावर दिवा सोडला, तर तासाभरात पतंगांची जत्रा भरते.

अळी दिसली की चपलेखाली चिरडायची, ही सवय आम्हांला मुळीच पटत नाही. रुईच्या पानावरची काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी रुईच खाते, तिचा पिकाला काडीचाही त्रास नाही. लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते तीही अळीच. तिला डिवचले तर डोक्यामागून तांबडी शिंगे बाहेर काढते. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

खरा वैरी अगदी साधा दिसतो. गुलाबी बोंडअळीचे पाखरू गव्हाच्या दाण्याहून जरासे मोठे, मातकट करड्या रंगाचे. 2017 च्या हंगामात याच अळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. ती उन्हाळा काढते कुठे? पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत, सरकीत, जिनिंगच्या आवारात. उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या पाखराला कपाशीचे पातेफूल मिळाले नाही तर त्याची पुढची पिढीच होत नाही. जूनपूर्वी कपाशी लावू नका, असे कृषी खाते म्हणते ते यासाठीच.

पण पऱ्हाटी हे आपल्या घरांचे सरपण आहे. ती शेतातच जाळा, असे मजूर बाईला सांगणे सोपे आहे, तिची चूल कशावर पेटायची? आमचे म्हणणे एवढेच की पऱ्हाटी घरी आणताना बोंडे तोडून तिथेच जाळावीत, आणि मेअखेरपर्यंत ढीग चुलीत संपवावा. कीड वाढली की फवारणी वाढते, आणि पंप पाठीवर घेणारा आपल्यातलाच असतो. 2017 सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले.

मुलांनी वहीत तारीख, रंग आणि झाड एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. अळी कोणत्या पानावर होती, हे मात्र विसरू नये. पान कळले की नाव शोधणे सोपे जाते.