नगरास जेवावयास कोठे जावे?

गेल्या महिन्यात एका वाचकभगिनीचे पत्र आले. घरातील अकरा माणसे, त्यांत दोन वृद्ध व तीन मुले, शिर्डी-शिंगणापूर करून परतताना नगरास एक दिवस मुक्काम करणार आहेत. तेव्हा ‘स्वच्छ, चांगले व आमच्या चालीरीतीस साजेसे’ जेवण कोठे मिळेल, अशी पृच्छा आहे. दोन ओळींत उत्तर धाडता आले असते. परंतु ‘आमच्या चालीरीतीस साजेसे’ या शब्दांपाशी लेखणी अडली आणि जुन्या काही गोष्टी आठवल्या. म्हणून हे जाहीर उत्तर.

प्रथम गावाविषयी. २०२४ साली सरकारदरबारी आमचे नगर अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे चौंडी याच जिल्ह्यातले. शहर वसविले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने, सीना नदीच्या काठी. या अहमदाचा बाप मूळ पाथरीकडच्या ब्राह्मण घराण्यातला होता, असे फिरिश्ता लिहून गेला आहे. म्हणजे गावाच्या पायाच्या दगडापासूनच येथे कोणाचे ताट कोणाच्या पंक्तीला लागले याचा हिशेब सोपा नाही. पुढे हबशी आले, मारवाडी व्यापारी आले, १८३१ पासून अमेरिकन मिशनचे लोक आले, छावणीमुळे देशभरचे शिपाई आले आणि १९४७ नंतर सर्वस्व मागे टाकून सिंधी आले. प्रत्येकाने आपापली चूल बरोबर आणली.

सकाळची न्याहारी तारकपुराकडे सिंधी मंडळींकडे करावी. पकवान म्हणजे मैद्याची मोठी, कडक तळलेली पुरी. तिच्याबरोबर हरभऱ्याच्या डाळीचे घट्ट वरण, वर चिंचेची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. मुलांना अतोनात आवडते. वृद्धांनी एकाच पुरीवर थांबावे. पदार्थ जड आहे. भिंगारकडे गेलात तर रणगाडादलाच्या शिक्षणकेंद्रामुळे तिकडे उत्तर हिंदुस्थानी चव आली आहे; तंदुरातली रोटी व राजमा तेथे मागावा. दुपारी मात्र खाणावळ गाठा आणि ज्वारीची भाकरी, ठेचा व आमटी घ्या. येसर घातलेली आमटी मिळाली तर नशीब समजा. धान्ये व मसाला भाजून केलेली ही पूड आमच्याकडे लग्नाच्या पंक्तीस लागते. पुण्याच्या गोड आमटीची सवय असलेल्यांनी पहिला भुरका जरा सावधपणे घ्यावा. ‘हॉटेल’ अशी मोठी पाटी आणि काचेची दारे पाहून आत शिरू नये. तेथे जे मिळते ते तुमच्या गावी याहून बरे मिळते.

रात्रीसाठी कापडबाजाराच्या बाजूस जैन पद्धतीची थाळी शोधा. पण रात्रीसाठी म्हटले तरी जायचे ते दिवेलागणीपूर्वी. नगरच्या जैन समाजात आचार्य आनंदऋषिजींचे नाव अजून घरोघर आहे. त्यांचे देहावसान येथेच १९९२ साली झाले. या घरांतून सूर्यास्तानंतर जेवण नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य. आपण चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण सोडतो आणि त्याचे केवढे कौतुक करून घेतो! आमच्या सासूबाई पहिल्यांदा एका मारवाडी स्नेह्यांकडे जेवल्या तेव्हा घरी येऊन म्हणाल्या, “अगं, त्यांच्यापुढे आपणच ओवळ्या ठरलो.”

बेकरीचे सांगावयाचे राहिलेच. झेंडीगेटाकडे मुसलमानांच्या जुन्या भट्ट्या आहेत. तिकडची खारी व नानखटाई घरी न्यावयास घ्या. आमच्या वाड्यात मी १९७८ साली सून म्हणून आले तेव्हाही दुपारच्या चहाबरोबर हीच खारी असे आणि कोणी कधी काही विचारले नाही. खारीस जात लागली नाही. करंजीस मात्र लागली, ती हकीकत अशी.

आमच्या शेजारी मिशनच्या शाळेत शिकविणाऱ्या एक बाई राहत. नाताळ आला की त्यांच्याकडून ताट येई. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून नाताळास आपल्या दिवाळीसारखाच फराळ होतो: करंज्या, शंकरपाळे, अनारसे, चिवडा. सासूबाई ताट दारातच हसून घेत, बाईंची विचारपूस करीत, ताटात आपल्याकडची तिळाची वडी घालून परत करीत. आणि फराळ सारा कामवालीच्या पदरात पडे. घरातल्या मुलांना तो दिसूही दिला जात नसे. मी हे अनेक वर्षे पाहिले व एक अक्षर बोलले नाही. नव्या सुनेने काय बोलावे, असे तेव्हा स्वतःला समजावीत असे. पण पाचव्या-सहाव्या वर्षी मी काही नवी सून राहिले नव्हते.

एका वर्षी नाताळचे ताट आले, त्यात केळी, संत्री आणि एक नारळ. फराळाचा एक दाणा नाही. कामवालीच्या मुलाने शाळेत कोणाजवळ काही बोलून टाकले होते, हे मागाहून कळले. बाई रागावल्या नाहीत, ताट पाठविणे बंद केले नाही. आमच्या सोवळ्यात चालेल तेवढेच त्यांनी पाठविले. सासूबाई ते ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर किती तरी वेळ बसल्या होत्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढली. १९३४ साली त्याचा पहिला भाग निघाला, तेव्हापासून आपल्या घराघरांतून ते वाचले जाते. वाचून हसतो, डोळे पुसतो आणि पुस्तक फडताळात ठेवतो. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पतीकडे परत आल्या त्याही आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच. ते सोवळे सुटले ते आमच्याच जिल्ह्यात, राहुरीस. आणि कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या विचाराने. राहुरी नगरापासून गाडीने तासाभराच्या आत. सासूबाईंनी तो भाग वाचला आणि चष्मा काढून मला विचारले, “शेजारी करंजीत खवा घालतात की नुसते खोबरे?” मला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत ठाऊक करून घेतले नव्हते.

पुढच्या नाताळास त्या आपण होऊन गेल्या. मी बरोबर होते. बाईंनी चहा ठेवला, बशीत दोन करंज्या दिल्या आणि स्वतः दुसरीकडेच पाहत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी एक करंजी पुरी खाल्ली, बोटे पुसली आणि म्हणाल्या, “सारण उत्तम आहे. मोहन मात्र कमी पडले.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण बाई इतक्या मोठ्याने हसल्या! “मग पुढच्या वर्षी पीठ तुम्ही भिजवा,” असे त्यांनी सांगितले आणि पुढील नऊ वर्षे, सासूबाईंचे हात चालत होते तोवर, ते पीठ आमच्याकडून जात असे.

आता दोघीही नाहीत. बाईंच्या लेकीकडे आमच्या मुलांचे जाणे-येणे आहे. ते काही हॉटेल नव्हे, म्हणून त्याचा पत्ता येथे छापता येत नाही. परंतु पत्र पाठविणाऱ्या भगिनीस एवढे सुचविते की, त्यांच्या घरच्या कोणा मुलाची किंवा जावयाची नगरात ओळख असेल, मग ती शिंध्याची असो, बोहऱ्याची असो वा ख्रिस्ती शिक्षकाची, तर एका वेळचे जेवण तिकडे ठरवावे. आधी कळवावे आणि ‘आम्हांला हे चालत नाही, ते चालत नाही’ ही यादी शक्य तेवढी आखूड ठेवावी. मांसाहार करीत नाही एवढे सांगितले की पुरे; बाकीचे यजमानीण जाणते. शिर्डीस प्रसादालयात बसालच. तेथे शेजारच्या पानावर कोण आहे हे कोणी विचारीत नाही, आणि मुलांना ते पाहू द्यावे.

आणि प्रवास पुढे ढकलता येत असेल तर पौषात या. तेव्हा रानात ज्वारीचा हुरडा असतो, आणि कोवळ्या कणसांची आगटी पेटली की अकरा माणसांची व्यवस्था कशी लागेल याची चिंता करावी लागत नाही.