डोक्यावर हेल्मेट नव्हते म्हणून हक्क बुडत नाही

नंदुरबार जिल्ह्यात सायकल ही हौसेची वस्तू नाही. पहाटे नवापूर-विसरवाडीकडे कामाला निघणारा मजूर सायकलवर असतो. शहाद्याच्या ऊसपट्ट्यात रात्री पाणी धरायला जाणारा सालदार सायकलवर असतो. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर आठवी-नववीतली मुलगी शाळेला जाते. याच रस्त्यांवरून सुरत-धुळे-नागपूर महामार्गाचे ट्रक धावतात. तळोदा-शहादा भागातून अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर मार्गाची वाहतूक जाते. गाळप हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात आणि त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो, ना रिफ्लेक्टर.

अशा रस्त्यावर सायकलवाला चिरडला जातो. घरात रडारड चालू असतानाच गाडीमालकाचा माणूस दारात येतो आणि सांगतो, "तुमच्या माणसाने हेल्मेट घातले नव्हते. कोर्टात गेलात तर काहीच मिळणार नाही. एक-दोन लाख घ्या आणि सही करा." घरच्यांना वाटते, मोटारसायकलवाल्याला पोलीस हेल्मेटवरून पावती फाडतात, म्हणजे सायकलवाल्यालाही तोच कायदा असेल. अंगठा उठतो आणि प्रकरण मिटते. वाचकहो, ही भीती खोटी आहे. ती कुठून येते आणि तिला कायद्याने काय उत्तर द्यायचे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

पहिली गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती आहे. ती मोटारसायकल चालवणाऱ्यावर आणि तिच्यावर बसणाऱ्यावर आहे. पायाने चालणारी सायकल हे मुळात मोटार वाहनच नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, विमा लागत नाही. जी सक्ती कायद्याने केलेलीच नाही, ती मोडल्याचा ठपका मृताच्या माथी मारता येत नाही.

यावर विमा कंपनीचा वकील दुसरा मुद्दा काढतो. सक्ती नसली तरी शहाण्या माणसाने डोके सांभाळायला नको का? न सांभाळणे हा त्याचाही निष्काळजीपणा, म्हणून भरपाईत कपात करा. याला सहनिष्काळजीपणाचा बचाव म्हणतात. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण सायकलवाल्याची चूक कधीच धरली जात नाही असे नाही. मुंबई महापालिका विरुद्ध लक्ष्मण अय्यर या २००३ च्या निकालात बेस्ट बसच्या धडकेत सायकलस्वार तरुण मरण पावला होता. त्याने वाहतुकीचा नियम पाळला नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २५ टक्के दोष त्याच्याकडे धरला. पण तो दोष कशाचा होता? सायकल कशी चालवली याचा. डोक्यावर काय होते याचा नव्हे. चुकीच्या बाजूने आलेल्या सायकलीमुळे अपघात घडू शकतो. हेल्मेट नसल्यामुळे ट्रक येऊन आदळत नाही.

हाच फरक सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिक विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स कंपनी या २०२० च्या निकालात स्पष्ट केला. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते आणि मागून कारने धडक दिली. तिघे बसणे हा तर कायद्याचा सरळ भंग होता. उच्च न्यायालयाने त्यासाठी १० टक्के कपात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नियमभंगामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे पुराव्याने जोडून दाखवले पाहिजे, नुसत्या नियमभंगावरून सहनिष्काळजीपणा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायदा मोडणाऱ्या तिघांना जे संरक्षण मिळते, ते कोणताही कायदा न मोडणाऱ्या सायकलवाल्याला मिळू नये काय?

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की मोटारसायकलवरील हेल्मेटच्या बाबतीत देशातील निकाल एकसारखे नाहीत आणि काही ठिकाणी कपात झालेली आहे. ते निकाल दाखवून सायकलच्या दाव्यातही कपात मागितली जाऊ शकते. तेव्हा आपल्या वकिलाने दोन प्रश्न विचारावेत. ज्या निकालाचा दाखला देता, त्यात वाहन कोणते होते? आणि हेल्मेट असते तर हा माणूस वाचला असता, असे कोणत्या डॉक्टरने साक्षीत सांगितले? छातीवरून चाक गेले असेल तर हेल्मेटचा प्रश्न येतोच कुठे? डोक्याला मार असेल, तरी सिद्ध करण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर आहे, विधवेवर नाही.

जिथे सायकलचे हेल्मेट सहज मिळते, त्या देशांतही हा प्रश्न न्यायालयापुढे गेला आहे. इंग्लंडमध्ये स्मिथ विरुद्ध फिंच या २००९ च्या निकालात न्यायाधीशांनी तत्त्व म्हणून मान्य केले की हेल्मेट न घालणाऱ्या सायकलस्वाराकडे काही दोष जाऊ शकतो. पण त्या प्रकरणात हेल्मेटने इजा टळली असती हे प्रतिवादीला सिद्ध करता आले नाही, म्हणून एक पैसाही कापला गेला नाही. आपल्यापुढे त्या निकालाचा पहिला अर्धा भाग वाचला गेला तर दुसरा अर्धा आपण वाचून दाखवावा. जर्मनीत एका महिलेच्या सायकलपुढे उभ्या कारचा दरवाजा अचानक उघडला आणि ती डोक्यावर पडली. खालच्या न्यायालयाने २० टक्के कपात केली. जून २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती कपात काढून टाकली. मग धडगावच्या पाड्यावरून उतरणाऱ्या मजुराकडून कोणत्या तोंडाने हेल्मेटचा हिशेब मागायचा? मानव विकासची योजना सायकलीची आहे, हेल्मेटची नाही. शासन मुलीच्या हाती सायकल देणार आणि अपघातानंतर हेल्मेट नव्हते म्हणून त्या मुलीलाच दोषी ठरवायचे, हा न्याय नव्हे.

आता या एका शब्दाची किंमत पैशात पाहू. समजा मृत मजूर ३२ वर्षांचा, महिन्याची कमाई १२ हजार, मागे बायको, दोन मुले आणि आई. प्रणय सेठी या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवले की महिना १६,८०० रुपये होतात, वर्षाचे २,०१,६००. त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की राहतात १,५१,२००. सरला वर्मा या २००९ च्या निकालाप्रमाणे या वयाला १६ चा गुणक लागतो. रक्कम होते २४,१९,२००. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळे. 'हेल्मेट नव्हते' म्हणून २५ टक्के कापू दिले तर ६ लाखांहून अधिक गेले. आणि दारात आलेल्या माणसाच्या दोन लाखांवर सही केली तर २२ लाख गेले. ही भीती कोणाच्या फायद्याची आहे, हे यावरून कळावे.

कमाईचा कागद नाही म्हणूनही घाबरू नये. रामचंद्रप्पा या २०११ च्या प्रकरणात हमालीवर जगणाऱ्या माणसाने सांगितलेले महिना साडेचार हजारांचे उत्पन्न सर्वोच्च न्यायालयाने कागदाशिवाय मान्य केले. कीर्ती या २०२१ च्या निकालात घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही उत्पन्न धरले. २०२५ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात अपघातग्रस्त बालकासाठी राज्यातील कुशल कामगाराचे किमान वेतन आधार मानले. शाळकरी मुलाच्या दाव्यात 'तो कमावता नव्हता' हे उत्तर आता चालणार नाही.

माझा अनुभव असा की दावा हेल्मेटमुळे बुडत नाही, पहिल्या काही दिवसांत बुडतो. फिर्यादीत 'सायकलस्वार अचानक आडवा आला' असे एक वाक्य घातले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तेच आडवे येते. म्हणून फिर्याद वाचून घ्या, ऐकून घ्या, मगच सही करा. पंचनाम्याच्या वेळी आपला माणूस तिथे हवा. सायकल कुठून चेपली, ती रस्त्याच्या कोणत्या कडेला पडली, ट्रॉलीला मागे दिवा होता का, याचे फोटो मोबाईलवर काढा. चेपलेली सायकल भंगारात देऊ नका, ती पुरावा आहे. दवाखान्याचा प्रत्येक कागद जपा. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार पैसे न भरता मिळू शकतो, हेही विचारा.

दाव्याची मुदत लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावण्याची अट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असे सांगितले, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी घरी बसू नये. दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात लावता येतो. ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेला माणूस तिकडे गाडीखाली आला, तरी वारसांना सुरतेच्या चकरा माराव्या लागत नाहीत, नंदुरबारला दावा चालतो.

कलम १६४ खाली चालकाचा दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. तेव्हा आधी वरचा हिशेब करा, मग ठरवा. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची योजना आहे. तिचा अर्ज महसूल खात्याकडे करायचा असतो. कोणतेही वाहन नसताना सायकल खड्ड्यात गेली, तर तो दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात बसत नाही. पण १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणांवर टाकली आहे.

वकिलाची फी परवडत नाही हेही कारण उरत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ज्या जिल्ह्यात जवळपास सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत, तिथे हा हक्क बहुतेक घरांचा आहे.

हेल्मेट घालावे की नाही? मिळत असेल तर जरूर घालावे, डोके आपले आहे. शाळेच्या सायकलींसोबत हेल्मेट द्या, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्यात वजन करू नका, ही मागणी आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी. पण जो गेला, त्याच्या उघड्या डोक्याकडे बोट दाखवून ट्रकमालकाला आणि विमा कंपनीला सुटू देऊ नये. पुढच्या वेळी वस्तीत असा प्रसंग आला, तर सांत्वनाला जाणाऱ्या कार्यकर्त्याने घरच्यांना आधी एवढेच सांगावे की कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नका. मग त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन फिर्यादीची नक्कल घ्यावी.