रक्ताचे जुलाब आणि घरातला कुत्रा

घरात कोणाला रक्ताचे जुलाब लागले की तुम्ही कुत्र्याला बाहेर बांधता आणि स्वतः लोपेरामाइड गिळता. कशासाठी? पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणारा पार्वो विषाणू माणसाला होत नाही. शिगेला माणसाकडून माणसाला होतो. १० ते १०० जंतूही पुरतात. आधी घरातल्यांचे हात बघा! (साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर कुत्र्याकडूनही येतात, तेव्हा त्याची घाण काढल्यावर साबण हवाच.) लोपेरामाइडने आतड्याची हालचाल मंदावते आणि जंतू आतच मुक्काम ठोकतात. आणि कृपा करून तुमची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला देऊ नका. तिनेच त्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. शौचात रक्त दिसले की ओआरएस सुरू करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लाला पशुवैद्याकडे न्या, तेही त्याच दिवशी.