हिरवा ठिपका कळतो, मग साखर का कळू नये?

गळ्यात माळ असलेला माणूस बिस्किटाचा पुडा हातात घेतो आणि आधी हिरवा ठिपका बघतो. दौंडच्या बाजारात बघा नाहीतर शिरूरच्या एसटी स्टँडवर. इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. गेल्या वीसेक वर्षांत या एका खुणेवर लोकांचा विश्वास बसलाय, कारण ती एका नजरेत एकाच प्रश्नाचं उत्तर देते.

आता तोच पुडा उलटा करा. मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता. साखर १०० ग्रॅममागे, टक्के 'एका सर्व्हिंग'मागे, आणि मीठ तर मीठ म्हणून नाहीच. सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, हे दुकानात उभं राहून कोण काढणार? शिवाय नियमाला इंग्रजी किंवा हिंदी पुरते. मराठी छापली तर कंपनीची मेहरबानी.

गंमत बघा, आपला भाग उसाचा. एकरी टनेज, रिकव्हरी, एफआरपी पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, तोंडपाठ. पण १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर असलेल्या बिस्किटांचा ६० ग्रॅमचा पुडा पोराने एकट्याने संपवला, तर १५ ग्रॅम म्हणजे तीन चमचे साखर पोटात गेली, हा हिशोब घरात होत नाही. हा अडाणीपणा नाही. हिशोब होऊ नये अशीच ती मांडणी आहे.

एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये पुड्याच्या समोरच्या बाजूला अर्धा ते पाच तारे छापण्याचा मसुदा आणला. माझा त्याला विरोध आहे. त्या गणितात साखर-मिठाचे गुण कापायचे आणि प्रथिनं, तंतू, सुकामेवा यांचे परत द्यायचे. म्हणजे गोड पदार्थात थोडे शेंगदाणे टाकले की तारा वाढला! शिवाय दोन तारेसुद्धा शाबासकीच वाटते. कमी तारे म्हणजे 'जपून खा', हे आमच्या आजीला कोण सांगणार? तेही अंतिम नियम झाल्यावर पहिली चार वर्षं ऐच्छिकच.

चिलीने २०१६ मध्ये सरळ काळा अष्टकोन छापायला लावला: साखर जास्त, मीठ जास्त. बस्स. तिथं गोड पेयांची खरेदी घटली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीच्या शिफारशींसाठी तीन महिने दिले, जुलैमध्ये आणखी तीन महिने वाढवून दिले. कंपन्यांचं म्हणणं असतं की इशारा छापला तर लोक घाबरतील. अहो, तंबाखूच्या पुडीवर चित्र छापलंच ना?

काही जण म्हणतील, साखरेवर इशारा म्हणजे ऊसवाल्याच्या पोटावर पाय. मला नाही पटत. उसाचा भाव एफआरपी आणि कारखान्याच्या देण्यावर ठरतो, आणि मधुमेहाची गोळी ऊसवाल्याच्या घरातही येतेच. आणि हो, केडगाव-राहूकडच्या गुऱ्हाळांचा मला अभिमान आहे, पण 'गुळाची बिस्किटं' असं समोर ठळक छापलं म्हणून ती औषध होत नाहीत. गूळही साखरच. काळा अष्टकोन आला तर तो त्या पुड्यावरही हवा, आणि त्यातली अक्षरं मराठीत हवीत.