मोजणे आणि वाचणे

व्यवस्थापनशास्त्रात 'नियंत्रण' म्हणजे पहारा नव्हे. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली या संकल्पनेची मांडणी केली, तेव्हा संस्थेच्या उद्दिष्टांसाठी साधने परिणामकारकपणे वापरली जातील याची निश्चिती, असा तिचा आशय होता. उद्दिष्ट आधी, मोजमाप नंतर, हा क्रम त्यात गृहीत आहे. आपल्या उच्च शिक्षणात तो उलटला आणि त्याची किंमत अध्यापनाला मोजावी लागली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांची पदोन्नती 'एपीआय' गुणांकनाशी जोडली. केवळ सेवाज्येष्ठतेवर बढती मिळू नये, ही अपेक्षा रास्तच होती. परंतु एखादी कविता शिकवल्यावर विद्यार्थ्याची समज किती वाढली हे मोजणे अवघड आणि शोधनिबंध मोजणे सोपे. साहजिकच निबंधांचे पीक आले. आयएसएसएन ही नियतकालिकाची केवळ ओळख. गुणवत्तेची ग्वाही नव्हे. तरीही तो क्रमांक मिरवत, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे 'केअर' यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

या साऱ्याचा दोष केवळ अध्यापकांच्या नीतिमत्तेवर टाकणे अपुरे आहे. बक्षीस एका गोष्टीला द्यायचे आणि अपेक्षा दुसरीची करायची, हा वेडेपणा स्टीव्हन कर यांनी १९७५ सालीच दाखवून दिला होता. त्यांच्या उदाहरणांत विद्यापीठेही होती. विल्यम औची यांचे १९७९ चे विवेचन त्याहून उपयुक्त आहे. जेथे कामाचे फळ मोजता येत नाही आणि कामाची रीतही ठरवून देता येत नाही, तेथे समान मूल्ये मानणाऱ्या समूहाचे नियंत्रणच उरते. अध्यापन हे नेमके अशा प्रकारचे काम आहे.

म्हणून सहकाऱ्यांनी एकमेकांच्या तासाला बसावे आणि अध्यापकाने स्वतः निवडून दिलेले दोनच निबंध जाणकारांनी खरोखर वाचावेत, असे मला वाटते. यावर आक्षेप येईल, की माणसे गटबाजी करतात, आकडे करत नाहीत. आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे परीक्षकांत एक बाहेरचा असावा आणि निर्णयाची कारणे लेखी, संबंधितांना पाहता येतील अशी असावीत. पक्षपाती मताला निदान उत्तर देता येते; न वाचताच दिलेल्या गुणांशी वाद तरी काय घालणार?